रेप्पू विमान : खेळातले आणि कारखान्यातले



जपानी आरमाराच्या एका लढाऊ विमानावर किनवटसारख्या गावी व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. समुद्र येथून शेकडो कोस दूर. आपल्या ओळखीचे पाणी म्हणजे पैनगंगेचे, आणि फार तर सहस्रकुंडाच्या धबधब्याचे. परंतु हल्ली दूर असे काही राहिलेले नाही. हातातल्या मोबाइलवर आपली मुले जगभरचे खेळ पाहतात, आणि त्यांतले काही खेळ चक्क आरमारी युद्धाचे असतात. जपानात २०१३ साली निघालेला ‘कांताई कलेक्शन’ हा त्यांपैकी एक प्रसिद्ध खेळ. ‘कांताई’ म्हणजे आरमारी ताफा. या खेळात ‘रेप्पू’ नावाचे एक लढाऊ विमान आहे. रेप्पू या शब्दाचा अर्थ सोसाट्याचा, झाडे उपटून टाकणारा वारा. खेळात हे विमान फार बलाढ्य समजले जाते. इतिहासात मात्र ते एकाही युद्धनौकेवरून लढाईला उडालेले नाही. कागदावर पहिले आणि रणांगणावर गैरहजर, असे हे विमान आहे. हे असे का झाले, एवढेच आज सांगायचे आहे. ते नीट समजले, तर कोणताही आकडा कसा वाचावा हेही आपल्याला कळेल, असे मला वाटते.

प्रथम विमानवाहू नौका म्हणजे काय ते पाहू. जिच्या सपाट पाठीवरून विमाने उडतात आणि त्याच पाठीवर परत उतरतात, ती ही नौका. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरच्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव या ठिकाणी हल्ले केले. ज्यांना असे विमान जवळून पाहायचे असेल, त्यांनी गोव्यात वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जावे. नौकेवरच्या विमानाला जमिनीवरच्या विमानापेक्षा जास्त अटी असतात. धावपट्टी आखूड, म्हणून ते थोडक्या धावेत उडाले पाहिजे. नौकेच्या पोटात जागा कमी, म्हणून त्याचे पंख बहुधा दुमडावे लागतात. उतरताना शेपटीखालचा आकडा नौकेवर ताणलेल्या तारेत अडकला पाहिजे, नाहीतर विमान पुढे समुद्रात जाईल. इतके सगळे सांभाळून शत्रूच्या विमानाशी झुंज द्यायची. म्हणून असे विमान बांधणे हे फार कठीण काम मानले जाते.

आता खेळाकडे वळू. या खेळात जुन्या जपानी युद्धनौकांना तरुण मुलींची रूपे दिलेली आहेत. खेळणारा हा नौदलप्रमुख. त्याने नौकांचा ताफा जमवायचा, त्यांना तोफा व विमाने द्यायची आणि मोहिमेवर धाडायचे. प्रत्येक विमानाला गुण आहेत. विमानाशी लढण्याच्या कसबात जुन्या ‘झीरो’ विमानाला ५ गुण, तर रेप्पूला १०. आकाशात कोणाचे वर्चस्व हे ठरवण्याची रीतही खेळाडूंनी शोधून काढली आहे. विमानांच्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला गुणांनी गुणायचे. नौकेवर १६ झीरो असतील, तर १६ चे वर्गमूळ ४, आणि ४ गुणिले ५ म्हणजे २०. त्याच जागी १६ रेप्पू ठेवली, तर ४०. नुसत्या झीरोंनी ४० गाठायचे तर ६४ विमाने लागतील. म्हणजे या हिशेबात एक रेप्पू चार झीरोंच्या बरोबरीचे. खेळाडूचा जीव रेप्पूवर का जडतो, हे यावरून ध्यानात येईल.

विमान मिळवण्याची रीतही सोपी आहे. तेल, दारूगोळा, पोलाद आणि बॉक्साइट या चार वस्तू ठरावीक प्रमाणात घालायच्या आणि बटण दाबायचे. दैव असेल तर रेप्पू हाती येते, नसेल तर दुसरेच काही मिळते, किंवा काहीच मिळत नाही. लढाईत विमाने पडली, तर दर विमानामागे ५ बॉक्साइट दिले की ती जागा भरून निघते. बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज. आपल्याकडे कोल्हापूर-रत्नागिरीच्या डोंगरपठारांवर सापडते तेच. आणि या खेळात विमाने बांधणारे, चालवणारे कोण? तर परीकथेतल्यासारखे इटुकले जीव. त्यांना पगार नाही, पाळी नाही, भूक नाही.

खेळ म्हणून हे हसण्यावारी नेऊ नये. पटावरच्या युद्धाने खरे युद्ध शिकण्याची रीत जुनी आहे. आपले बुद्धिबळ घ्या. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्याने नकाशा, सोंगट्या आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना शिकवायला सुरुवात केली, आणि पुढे सगळ्या बड्या सैन्यांनी ती रीत उचलली. १९४२ च्या मे महिन्याच्या आरंभी जपानी आरमाराच्या सेनापतींनी ‘यामातो’ या युद्धनौकेवर असाच पट मांडला होता. मिडवे बेटावर जी स्वारी करायची होती, तिची ती रंगीत तालीम. फाशाच्या दानाप्रमाणे पंचाने निकाल दिला, की शत्रूचे नऊ बॉम्ब लागून ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. तेव्हा संयुक्त ताफ्याचे चीफ ऑफ स्टाफ उगाकी यांनी नवांचे तीन केले. आकागी वाचली. कागा बुडालेली धरली होती, पण पुढच्या डावात तीही पटावर परत आली. महिन्याभराने, जून १९४२ मध्ये, मिडवेजवळ या दोन्ही नौका खरोखरच गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन. समुद्राला कोणी नवांचे तीन करायला सांगू शकले नाही. खेळ खोटा नव्हता. नको असलेला आकडा पुसणारा हात खोटा होता.

रेप्पू समजण्यासाठी त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे झीरोची ओळख हवी. झीरोचा आणि रेप्पूचा रचनाकार एकच, मित्सुबिशी कंपनीचे जिरो होरिकोशी. झीरोचे पहिले उड्डाण १ एप्रिल १९३९ रोजी झाले. आपल्यासारख्या बैलगाडीच्या मुलखात सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, हे त्या काळचे अत्यंत आधुनिक विमान कारखान्यातून विमानतळावर बैलगाडीने गेले. नागोयातल्या कारखान्याला लागून विमानतळ नव्हता. म्हणून विमान सुटे करून गाडीवर घालायचे, आणि सुमारे ४८ किलोमीटरवरच्या कागामिगाहारा गावी न्यायचे. त्याला सबंध दिवस-रात्र लागे. वेगाच्या विमानाची पहिली मजल बैलाच्या चालीने झाली. देशाची ताकद त्याच्या एका उत्तम यंत्रावरून मोजू नये, तर ते यंत्र ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरून मोजावी, हे येथेच दिसते.

झीरोने आरंभी सर्वांना चकित केले. ५ एप्रिल १९४२ रोजी पाच जपानी विमानवाहू नौकांवरच्या विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, त्यात ३६ झीरो होती. दुसऱ्या दिवशी आणखी एका जपानी नौकेच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले. म्हणजे आदिलाबादेच्या पलीकडे, आंध्राच्या किनाऱ्यापर्यंत ते युद्ध येऊन गेले होते. झीरोचे एंजिन सुरुवातीला हजार अश्वशक्तीच्याही आतले. तरी ते इतके दूर आणि इतके चपळ कसे उडे? उत्तर असे, की वजन कमी केले. कोठून कमी केले? हलका धातू वापरला, हे एक. पण वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा बसवला नाही, आणि गोळी लागली तर आपोआप बुजणारी पेट्रोलची टाकीही दिली नाही. चपळाईचे गुण मिळाले ते वैमानिकाच्या पाठीवरचे संरक्षण काढून. शत्रूजवळ जोरदार एंजिनांची विमाने आली, तेव्हा हीच झीरो भराभर पेटू लागली.

म्हणून नवे विमान हवे होते, आणि तेच रेप्पू. त्याची गरज आरमाराला १९४० सालीच जाणवली होती, पण कंपनीजवळ मोकळी माणसेच नव्हती. होरिकोशी आणि त्यांचे सहकारी झीरोच्या सुधारणांत आणि दुसऱ्या एका विमानाच्या कामात गळ्यापर्यंत बुडाले होते. रचनाकार हाही कामगारच असतो, आणि त्यालाही दिवसाचे तास चोवीसच. काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते १९४२ साली. आरमाराची मागणी अशी, की विमान ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने जावे, आणि झीरोसारखे चपळाईने वळावेही. चटकन वळायचे तर पंख मोठा हवा. झीरोच्या पंखाचे क्षेत्रफळ साडेबावीस चौरस मीटरांच्या आसपास होते, रेप्पूचे जवळजवळ एकतीस झाले. एवढा पंख ओढायला जबरदस्त एंजिन पाहिजे. कंपनी म्हणाली, आमचे मोठे एंजिन बसवू. आरमार म्हणाले, नाही, ‘होमारे’ नावाचे आम्ही पसंत केलेलेच बसवा. हुकूम वरचा, तेव्हा होमारे बसले.

६ मे १९४४ रोजी रेप्पू प्रथम उडाले. वळायला चांगले, पण वेग ताशी सुमारे ५७५ किलोमीटर. मागणीपेक्षा तो कितीतरी कमी. आरमाराने ते काम थांबवले. मग कंपनीने आपले एंजिन बसवून पुन्हा प्रयत्न केला. १३ ऑक्टोबर १९४४ रोजी ते विमान उडाले आणि वेग ताशी ६३० च्या घरात गेला. जे तज्ज्ञ आधी सांगत होते तेच खरे ठरले, पण मधली दोन वर्षे गेली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना वेळेची किंमत कळत नाही, ती खाली उभे राहणाऱ्याला मोजावी लागते.

त्या मोजणीकडे पाहा. जून १९४४ मध्ये फिलिपाइन समुद्रात मोठी लढाई झाली. जपानी नौकांवर सुमारे ४३० विमाने होती, दोन दिवसांनी कामाची उरली फक्त ३५. विमानांपेक्षाही मोठे नुकसान वैमानिकांचे. जुने कसलेले वैमानिक आधीच्या लढायांत संपले होते. नवी पोरे अपुऱ्या शिक्षणावर पाठवलेली होती. खेळात अनुभवी तुकडीला जास्त गुण मिळतात, आणि तुकडी सबंध नष्ट झाली की ते गुण जातात. खेळ रचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले, याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. पण खेळात तो अनुभव काही फेऱ्यांत पुन्हा जमतो. खरा वैमानिक तयार व्हायला वर्षे लागतात, आणि ५ बॉक्साइट देऊन तो परत येत नाही.

बॉक्साइटची कथाही तशीच. जपानच्या भूमीत हे खनिज जवळजवळ नाही. सिंगापूरजवळच्या बिंतानसारख्या बेटांवरून ते जहाजांनी आणावे लागे, आणि ती जहाजे अमेरिकन पाणबुड्या बुडवीत होत्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आणि नौका? रेप्पू नीट उडाले त्यानंतर बाराच दिवसांनी, २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, ‘झुइकाकू’ बुडाली. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या सहा विमानवाहू नौकांपैकी उरलेली ती शेवटची. कोलंबोवर आलेल्या पाचांतही ती होती. विमान तयार झाले तेव्हा त्याला पाय ठेवायला पाठ जवळजवळ राहिली नव्हती.

आता माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट. विमान बांधत कोण होते? तरबेज कारागीर सैन्यात नेले होते. त्यांच्या जागी शाळांतली मुले-मुली आणून उभी केली. जपानच्या ताब्यातल्या कोरियातूनही कोवळ्या वयाच्या शेकडो मुली नागोयाच्या मित्सुबिशी विमान कारखान्यांत आणल्या. ‘शाळा शिकाल, पगार मिळेल’ असे त्यांना सांगितले होते. शाळा मिळाली नाही, आणि मजुरीही हाती पडली नाही, असे त्यांनी पुढे न्यायालयात सांगितले.

७ डिसेंबर १९४४ रोजी दुपारी त्या भागात मोठा भूकंप झाला. बाराशेंवर माणसे दगावली. युद्धकाळ असल्यामुळे वर्तमानपत्रांतून ही बातमी दडपली गेली. नागोयातल्या मित्सुबिशीच्या दोतोकू कारखान्यात मेलेल्यांत सहा कोरियन मुली होत्या. जवळच्या हांदा गावी नाकाजिमा कंपनीचा कारखाना होता. तेथे नौकांवरचीच विमाने बनत. जुन्या कापडगिरणीच्या इमारती घेऊन, विमानांना जागा व्हावी म्हणून त्यांतले खांब काढून टाकलेले होते. तेथे १५३ माणसे चिरडली, त्यांत ९६ कामाला जुंपलेले विद्यार्थी होते. झीरोत वजन वाचवायला वैमानिकाच्या पाठीचा पत्रा गेला, येथे जागा वाचवायला छताखालचा खांब गेला. हिशेबाची रीत एकच आहे. आकडा वाढवायचा तो ज्याला बोलता येत नाही त्याच्या अंगावरून. सहा दिवसांनी, १३ डिसेंबरला, नागोयातल्या मित्सुबिशीच्या एंजिन कारखान्यावर अमेरिकन बॉम्ब पडले, आणि १८ तारखेला विमानांच्या कारखान्यावर. युद्ध १९४५ च्या ऑगस्टात संपले तोवर रेप्पू विमाने सगळी मिळून जेमतेम दहाच्या आसपास बनली होती. झीरो मात्र दहा हजारांवर निघाली, कारण नवे येत नाही म्हणून जुनेच शेवटपर्यंत काढत राहावे लागले.

त्या कोरियन मुलींपैकी काही जणी म्हाताऱ्या होईपर्यंत न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या. जपानातल्या न्यायालयांत त्या हरल्या. जपान सरकारचे म्हणणे असे, की १९६५ च्या करारात हा सगळा हिशेब मिटला. पण २९ नोव्हेंबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कंपनीने या स्त्रियांना भरपाई द्यावी. चौऱ्याहत्तर वर्षांनी एका न्यायालयाने एवढे मान्य केले, की त्या कारखान्यात काम करणारे हात होते, आणि त्या हातांना नावे होती.

ज्या खेळात लोखंडी नौकांना मुलींची रूपे दिली आहेत, त्या खेळात कारखान्यातल्या खऱ्या मुलींना जागा नाही. तेथे इटुकले जीव विमान बांधतात. मी हा खेळावर आरोप म्हणून सांगत नाही. खेळ म्हटला की काही गाळावेच लागते. बुद्धिबळातल्या प्याद्यालाही घरदार नसते. मुलांनी खेळू नये असेही माझे म्हणणे नाही. उलट अशा खेळामुळे मुलगा गुणाकार शिकतो, वर्गमूळ शिकतो, साठा आणि खर्च यांचा मेळ घालायला शिकतो. फक्त त्याने एक सवय लावून घ्यावी. समोर १० हा आकडा आला, की विचारावे : हा आकडा कशातून आला, आणि त्यात कोण मोजलेले नाही?

ही सवय लढाईपुरती नाही. आपल्या मराठवाड्यातल्या तांड्यांवरून, वाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत त्यांची नोंद कशी होते? ‘एक कोयता.’ एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोन माणसे. उचल दोघांच्या नावाने एकच, आणि हिशेब एकाच कोयत्याचा. पोटुशी बाई फडात वाकून मोळी बांधते, ती वहीत कोठे दिसते? लहान भावंडाला सांभाळायला शाळा सोडून आलेली मुलगी कोणत्या रकान्यात आहे? कारखान्याच्या अहवालात इतके टन गाळप झाले हा आकडा छापतात. तो आकडा खोटा नसतो. पण तो रेप्पूच्या १० गुणांसारखा असतो. त्यामागची माणसे त्यात उतरलेली नसतात. गेली कित्येक वर्षे आम्ही संघटनेचे लोक जे भांडतो, ते पुष्कळदा एवढ्यासाठीच, की वहीत ‘एक कोयता’ लिहू नका, दोन नावे लिहा. नाव लिहिले की मजुरी लिहावी लागते, अपघात झाला तर भरपाई लिहावी लागते, मुलीची शाळा लिहावी लागते.

विक्रांत नौकेचे शेवटी काय झाले हे आपल्याला ठाऊक असेल. १९९७ साली ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ साली दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिच्या लढाईच्या तारखा पुस्तकांत आहेत, तिच्या कप्तानांची नावे आहेत. दारूखान्यात गॅसकटर हातात धरून तिचा पत्रा न पत्रा वेगळा करणाऱ्या मजुरांची नावे कोणत्या पुस्तकात आहेत? यंत्र जन्माला घालणारे हात आणि यंत्राला शेवटची मूठमाती देणारे हात, दोन्ही बहुधा वहीबाहेर राहतात.

रेप्पू हे चांगले विमान होते. त्याच्या रचनाकारांची बुद्धी थोर होती, हे कबूल केले पाहिजे. पण एंजिन, खनिज, शिकलेला वैमानिक, उभा खांब आणि पोटभर जेवलेला कामगार यांच्याशिवाय विमान म्हणजे कागदावरचे चित्र. खेळात ही पाचही बटण दाबून मिळतात, म्हणून तेथे रेप्पू उडते. जगात ती मिळवावी लागतात आणि सांभाळावी लागतात. ज्या राज्यकर्त्यांनी ती सांभाळली नाहीत, त्यांच्या हाती चित्र तेवढे राहिले.

आपल्या घरातला मुलगा उद्या असा खेळ खेळताना दिसला, तर त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेऊ नका. शेजारी बसा आणि त्याला सहज विचारा, ‘बाळ, हे विमान बांधले कोणी?’ त्याला उत्तर येणार नाही. मग दोघे मिळून शोधा.